यंत्रमानवासाठी वर्गणी

प्रास्ताविक

गणेशोत्सव जवळ आला की पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरणारी मुले आपण सर्वांनीच पाहिली आहेत. आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी स्वतःही अशी वर्गणी गोळा केली असेल. घरातील वडीलधारी व्यक्ती हमखास विचारते, ''मागच्या वर्षी किती दिले होते?'' मुलांपाशी मागील वर्षीचे पुस्तक असेल तर ती आकडा सांगतात. नसेल तर गोंधळतात आणि रक्कम कमी होते. हिशेब ठेवणाऱ्याला अधिक मिळते, हा धडा मुले तेथेच शिकतात.

परंतु तीच मुले एखाद्या दिवशी दारात येऊन म्हणाली, ''आम्ही यंत्रमानव तयार करीत आहोत, स्पर्धेला जायचे आहे, मदत करा,'' तर? उत्सवाचा मंडप वर्गणी देणाऱ्याला चार दिवसांत दिसतो. यंत्रमानव मात्र अजून झालेला नसतो. तो होईलच याची खात्री नसते. आणि झाला तरी स्पर्धा दूरच्या गावी असते. न दिसणाऱ्या वस्तूसाठी पैसा मागणे हे अवघड काम आहे. ते कसे केले जाते, याचा विचार या पाठात केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर आपण वर्गणी, देणगी आणि प्रायोजकत्व यांतील भेद सांगू शकाल. एखाद्या उपक्रमाचे अंदाजपत्रक समजून घेऊ शकाल. तसेच मदतीची विनंती करणारे औपचारिक पत्र लिहू शकाल.

मूळ पाठ

दहीहंडी आणि यंत्रमानव

३१ ऑगस्ट २००८ रोजी पुण्याजवळील बालेवाडीच्या क्रीडासंकुलात एक आगळी दहीहंडी झाली. थर रचणारे गोविंदा येथे नव्हते. निरनिराळ्या देशांतील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी तयार केलेली यंत्रे उंचावर टांगलेल्या हंड्यांमधील लोणी काढण्यासाठी धडपडत होती. ही स्पर्धा म्हणजे 'रोबोकॉन'. आशिया-पॅसिफिक प्रक्षेपण संघटनेने २००२ मध्ये टोकियो येथे ती प्रथम भरविली. दरवर्षी यजमान देश आपल्या परंपरेतील एखादा खेळ किंवा कथा विषय म्हणून देतो आणि त्यावरून नियम ठरतात. भारताने २००८ मध्ये दहीहंडी दिली, तर २०२२ मध्ये दिल्लीकडे यजमानपद असताना लगोरी दिली. २०१४ मध्ये स्पर्धा पुन्हा पुण्यात झाली, तेव्हा विषय होता आईवडील आणि मूल यांचे नाते. झोपाळा आणि सी-सॉ यांसारख्या खेळण्यांवर एक यंत्र दुसऱ्या लहान यंत्राला खेळवीत होते.

अशा स्पर्धेत यंत्र विद्यार्थ्यांनी स्वतः तयार करावयाचे असते. प्रेक्षकाला रिंगणातील तीन मिनिटे दिसतात. त्यामागे कित्येक महिन्यांची मेहनत असते. मोटारी जळतात, बॅटऱ्या निकामी होतात, जोड निखळतात. पुण्यातील बुधवार पेठ, मुंबईतील लॅमिंग्टन रोड किंवा बेंगळुरूचा एस. पी. रोड या विद्युत्सामानाच्या बाजारांत असे विद्यार्थी हातात यादी घेऊन दुकानामागून दुकान पालथे घालताना दिसतात. यादीतील प्रत्येक ओळीला किंमत असते आणि ती कोणाला तरी द्यावी लागते.

शालेय वयाच्या मुलांसाठीही आता अशा स्पर्धा आहेत. अमेरिकेतील संशोधक डीन केमन यांनी १९८९ मध्ये 'फर्स्ट' ही संस्था स्थापन केली आणि १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधील एका शाळेच्या व्यायामशाळेत अठ्ठावीस संघांची पहिली स्पर्धा घेतली. या स्पर्धांचे एक वैशिष्ट्य असे की, संघाने यंत्र कसे बनविले एवढेच परीक्षक पाहत नाहीत. संघ स्वतःचा खर्च कसा चालवितो, समाजात मिसळून काय काम करतो, याचाही विचार काही पुरस्कारांच्या वेळी होतो. म्हणजे निधी गोळा करणे ही अभ्यासाबाहेरची कटकट नसून अभ्यासाचाच भाग आहे, असे तेथे मानले आहे. २०१७ मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या जागतिक स्पर्धेत प्रत्येक देशाचा एकच संघ होता आणि भारताचे प्रतिनिधित्व मुंबईच्या शाळकरी मुलांनी केले होते.

महादेवपुऱ्यातील एक संघ

विषय नीट समजावा म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. महादेवपुरा हा बेंगळुरूच्या पूर्वेकडील भाग. २००७ पर्यंत तेथे स्वतंत्र नगरसभा होती. त्या वर्षी तो महानगरपालिकेत समाविष्ट झाला. व्हाइटफील्ड, हूडी ही नावे ज्यांनी ऐकली असतील त्यांना हा परिसर ठाऊक असेल. येथे काचेच्या उंच इमारतींत जगभरातील संगणक कंपन्या आहेत, आणि त्याच रस्त्यांच्या मागच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये लेथ आणि वेल्डिंगची छोटी वर्कशॉपे आहेत. सोलापूर, बेळगाव, कलबुर्गीकडून कामासाठी आलेली मराठी कुटुंबेही या भागात राहतात. पैसा, कौशल्य आणि गरज ही तिन्ही एकाच पिनकोडात असूनही त्यांची एकमेकांशी ओळख नसते.

समजा, या भागातील नऊ विद्यार्थी आणि एक मार्गदर्शक शिक्षक यांचा संघ आहे. विद्यार्थ्यांपैकी काही शाळेत जातात, काही दिवसा काम करून मुक्त विद्यालयातून शिकतात. स्पर्धा पुण्यात आहे. संघाने पहिल्या बैठकीत फळ्यावर खर्च मांडला : मोटारी, बॅटऱ्या आणि इतर विद्युत्सामान ७०,००० रुपये, सांगाड्यासाठी अ‍ॅल्युमिनियम, कापणी आणि वेल्डिंग २५,००० रुपये, प्रवेशशुल्क १५,००० रुपये, दहा जणांचा प्रवास आणि मुक्काम, प्रत्येकी ४,५०० प्रमाणे ४५,००० रुपये, आणि आकस्मिक खर्चासाठी राखीव २५,००० रुपये. बेरीज झाली १,८०,०००.

फळ्यापुढे काही क्षण शांतता पसरली असेल, अशी कल्पना करण्यास हरकत नाही. मग कोणीतरी म्हणाले असेल, ''नऊ जणांनी वीस-वीस हजार आणायचे.'' हिशेब बरोबर आहे. न्याय मात्र नाही. ज्याचे वडील संगणक अभियंता आहेत त्याला वीस हजार म्हणजे एक मोबाइल. ज्याची आई चार घरी स्वयंपाक करते त्याला ते दीड-दोन महिन्यांचे घरखर्चाचे पैसे. समान वाटा मागितला की दुसरा विद्यार्थी भांडत नाही, कारणही सांगत नाही. तो फक्त पुढच्या बैठकीस येत नाही. संघांमधून चांगले हात असे निघून जातात आणि बाकीच्यांना वाटते की त्याला आवड नव्हती. म्हणून बाहेरचा निधी हा चैनीचा प्रश्न नाही. संघात कोण राहू शकेल हे त्यावर ठरते.

पैसा-पैसा आणि पंधरा लाख

लोकांकडून निधी उभारण्याची महाराष्ट्रात मोठी परंपरा आहे. तिच्यातील दोन उदाहरणे मुद्दाम शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

स्वदेशीच्या काळात अंताजी दामोदर काळे यांनी 'पैसा फंड' सुरू केला. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभा राहावा, अशी ही साधी कल्पना. त्या काळी एका रुपयाचे चौसष्ट पैसे होत. म्हणजे एक लाख माणसांनी एकेक पैसा दिला, तरी जमणार किती? १,५६२ रुपये आठ आणे. लाख दारे ठोठावून एवढीच रक्कम! पण काळे आणि त्यांचे सहकारी हिंडत राहिले, लोकमान्य टिळकांनी पाठिंबा दिला आणि १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. तेथे काच तर तयार झालीच, शिवाय काचकाम जाणणारे कारागीरही तयार झाले. ज्याने एक पैसा दिला त्यालाही हा कारखाना आपला वाटे. एका पैशाने खरेदी होते ती ही आपुलकी.

दुसरे उदाहरण महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे. त्यांनीही आयुष्यभर लहान-लहान देणग्या मिळविल्या. १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले, तेव्हा पाठीशी मोठे धन नव्हते. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी जाहीर केली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव देण्यात आले. 'एस. एन. डी. टी.' ही अक्षरे आपण आजही वाचतो. एका देणगीने संस्थेची चिंता हलकी झाली आणि संस्थेचे नावही बदलले. या व्यवहारात गैर काही नव्हते. दोन्ही बाजूंनी तो उघडपणे झाला होता.

याउलट कर्मवीर भाऊराव पाटील यांची एक आठवण सातारा भागात सांगितली जाते. छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाने काढलेल्या महाविद्यालयाचे नाव बदलल्यास मोठी रक्कम देण्याची तयारी एका धनिकाने दाखविली, तेव्हा अण्णांनी ती साफ नाकारली. कर्वे यांनी नाव दिले, भाऊरावांनी दिले नाही. दोघांच्याही संस्था आज उभ्या आहेत. काय देता येईल आणि काय देता येणार नाही, हे मागणाऱ्याने मागण्याआधी ठरविलेले असावे. पैसे समोर आल्यावर ठरविणे कठीण जाते.

मदत नेहमी पैशाच्याच रूपात येते असे नाही, हेही लक्षात घ्यावयास हवे. बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था जमशेटजी टाटा यांच्या संकल्पातून १९०९ मध्ये स्थापन झाली. पण ती जेथे उभी आहे ती सुमारे ३७१ एकर जमीन म्हैसूर संस्थानाने दिली. एकाने संपत्ती दिली, दुसऱ्याने जागा दिली. महादेवपुऱ्यातील वर्कशॉपचा मालक रविवारी दोन तास लेथ वापरू देतो, ती याच जातीची मदत आहे. अशा वस्तुरूप मदतीचाही हिशेब रुपयांत लिहावा, म्हणजे तिचे मोल कळते आणि आभार मानताना कोणी विसरला जात नाही.

पाठगत प्रश्न

१. समान वाटा मागण्याने संघावर कोणता परिणाम होऊ शकतो?
२. पैसा फंडात एक लाख लोकांकडून किती रुपये जमले असते? आकडेमोड करून दाखवा.
३. वस्तुरूप मदतीची आपल्या परिसरातील दोन उदाहरणे लिहा.

कंपनीचे दोन खिसे

आता आपला काल्पनिक संघ काचेच्या इमारतींकडे वळतो. येथे बहुतेक नवख्यांची चूक होते. कंपनी श्रीमंत आहे, म्हणजे ती देईल, असे त्यांना वाटते. कंपनीच्या पैशाला मात्र वेगवेगळे खिसे असतात आणि प्रत्येक खिशाचे नियम निराळे असतात.

पहिला खिसा जाहिरातीचा. संघाच्या सदऱ्यावर, यंत्रमानवाच्या अंगावर कंपनीचे नाव झळकावे, त्या बदल्यात कंपनीने पैसे द्यावेत, हे प्रायोजकत्व. हा सरळ सौदा आहे. दुसरा खिसा सामाजिक उत्तरदायित्वाचा. २०१३ च्या कंपनी कायद्याने भारतात ही तरतूद आली आणि १ एप्रिल २०१४ पासून ती लागू झाली. ठराविक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी, असे त्यात सांगितले आहे. शिक्षणाचा प्रसार हे त्या कार्यांपैकी एक.

गंमत अशी की हे दोन खिसे एकमेकांत मिसळत नाहीत. आपल्या मालाच्या जाहिरातीचा लाभ मिळावा म्हणून केलेले प्रायोजकत्व सामाजिक उत्तरदायित्वात धरता येत नाही, असे २०२१ च्या सुधारित नियमांत स्पष्ट केले आहे. म्हणून एकाच पत्रात ''आपल्या सामाजिक निधीतून मदत करा, आम्ही आपली जाहिरात करू,'' असे लिहिणारा संघ नकळत स्वतःचे दार बंद करून घेतो. शिवाय सामाजिक निधी नऊ मुलांच्या हाती थेट दिला जात नाही. तो नोंदणीकृत न्यास, संस्था अशांच्या मार्फत द्यावा लागतो. त्यामुळे आधी शाळेला किंवा अभ्यासकेंद्र चालविणाऱ्या संस्थेला विश्वासात घ्यावे लागते.

व्यक्तिगत देणगीदारांपैकी काहींना प्राप्तिकरात सवलत हवी असते. ती मिळण्यासाठी देणगी घेणाऱ्या संस्थेस प्राप्तिकर विभागाची मान्यता असावी लागते. दोन हजार रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीस २०१७ पासून ही सवलत मिळत नाही. म्हणून मोठी रक्कम धनादेशाने किंवा बँकेमार्फतच घ्यावी. मान्यता नसताना ''सवलत मिळेल'' असे सांगणे ही फसवणूकच होय, मग ती अजाणतेपणी का असेना.

परदेशातील नातेवाइकांना तर मुले सहज निरोप धाडतात. अमेरिकेतील मामा भाच्याला पैसे पाठवितो ती घरची बाब झाली. पण संस्थेच्या नावाने परकीय देणगी घ्यावयाची असेल तर २०१० च्या परकीय अंशदान कायद्याखाली नोंदणी किंवा परवानगी लागते. ती नसेल तर नम्रपणे नकार देणे श्रेयस्कर. तंबाखूच्या उत्पादकांकडूनही मुलांच्या संघाने हात आखडता घ्यावा. तंबाखूच्या प्रचारासाठी प्रायोजकत्व देणे-घेणे २००३ च्या कायद्यानेच निषिद्ध आहे.

सरकारचाही एक मार्ग आहे. 'अटल टिंकरिंग लॅब' या योजनेत २०१६ पासून निवडक शाळांना वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान देण्यात येऊ लागले. त्यातून त्रिमितीय मुद्रक, संवेदक, अवजारे अशी सामग्री शाळेत येते. ज्या संघाच्या जवळपास अशी प्रयोगशाळा असेल त्याने प्रथम तेथे चौकशी करावी. ज्या वस्तू तेथे आहेत त्यांच्यासाठी वर्गणी मागणे म्हणजे विहिरीकाठी बसून पाणी विकत घेणे.

पत्र

संघाने कंपन्यांना पाठविण्यासाठी पहिले पत्र लिहिले ते असे :

'आपण थोर दानशूर आहात. आपली कीर्ती सर्वदूर पसरली आहे. आम्ही गरीब परंतु होतकरू विद्यार्थी असून यंत्रमानव तयार करण्याचे आमचे स्वप्न आहे. तरी आपण यथाशक्ती मदत करून आम्हांस उपकृत करावे, ही नम्र विनंती.'

भाषा शुद्ध आहे, तरीही पत्र निरुपयोगी आहे. वाचणाऱ्याला त्यातून कळते काय? किती पैसे, कशासाठी, कधीपर्यंत, कोणाच्या नावे, यांपैकी काहीही नाही. 'यथाशक्ती' हा शब्द देवळातील दानपेटीवर शोभतो. कार्यालयात त्याचा अर्थ 'नंतर पाहू' असा होतो. शिवाय स्वतःला गरीब म्हणवून घेण्याची गरज नव्हती. संघ भीक मागत नाही, तो एका कामात सहभागी होण्याचे आमंत्रण देत आहे. दुसरे पत्र मार्गदर्शक शिक्षकांच्या मदतीने असे तयार झाले :

प्रति,
मा. व्यवस्थापक,
(कंपनीचे नाव व पत्ता)

विषय : विद्यार्थी यंत्रमानव संघास विद्युत्सामानासाठी प्रायोजकत्व मिळण्याबाबत.

महोदय / महोदया,

महादेवपुरा येथील आम्ही नऊ विद्यार्थी आंतरशालेय यंत्रमानव स्पर्धेसाठी एक यंत्र तयार करीत आहोत. यंत्राचा आराखडा पूर्ण झाला असून लाकडी नमुना चालवून पाहिला आहे. त्याची दोन छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

यंत्राच्या मोटारी, बॅटऱ्या व नियंत्रक यांसाठी ७०,००० रुपयांची आवश्यकता आहे. वस्तूंची यादी व तीन दुकानांची दरपत्रके सोबत आहेत. सांगाड्याची कापणी व वेल्डिंग येथील एका वर्कशॉपने विनामूल्य करून देण्याचे मान्य केले आहे. स्थानिक दुकानदार व पालक यांच्याकडून आजवर ५०,००० रुपये जमा झाले आहेत.

आपण पूर्ण किंवा अंशतः खर्च उचलल्यास यंत्रावर व संघाच्या सदऱ्यांवर आपल्या कंपनीचे नाव लावण्यात येईल. स्पर्धेनंतर एका महिन्याच्या आत पावत्यांसह खर्चाचा अहवाल सादर करू. आपल्या कर्मचाऱ्यांसमोर यंत्राचे प्रात्यक्षिक दाखविण्यासही आम्हांस आनंद होईल. सामान या महिन्याअखेर मागवावे लागणार असल्याने तत्पूर्वी आपला निर्णय कळावा, ही विनंती. भेटीसाठी दहा मिनिटांचा वेळ मिळाल्यास आम्ही नमुना घेऊन येऊ.

आपला विश्वासू,
(संघप्रमुखाची स्वाक्षरी)
(मार्गदर्शक शिक्षकांची प्रतिस्वाक्षरी, संस्थेचा शिक्का)

या पत्रात एकही विशेषण खर्चिक नाही. इतरांनी आधीच काही दिले आहे, हे वाक्य सर्वांत महत्त्वाचे. पहिला पैसा टाकण्यास सगळेच कचरतात. स्पर्धा जिंकण्याचे वचन मात्र कोठेही दिलेले नाही, आणि ते देऊही नये.

मोठ्या कंपनीला इंग्रजीत पत्र चालते. वर्कशॉपमध्ये मात्र कागदाचा फारसा उपयोग होत नाही. तेथे सकाळी, काम सुरू होण्यापूर्वी जावे, आणि बेंगळुरूत राहणाऱ्या मराठी मुलाने ''स्वल्प सहाय माडी'' एवढे कन्नड तरी शिकून जावे. ज्याच्या गावात आपण राहतो त्याच्या भाषेत मागितलेली मदत लवकर मिळते, असा सर्वत्र अनुभव आहे.

तूट

वीस पत्रे गेली तर सतरा ठिकाणांहून उत्तरच येत नाही, असेही घडते. नकार आला तरी तो मोलाचा समजावा. निदान कोणीतरी पत्र वाचले. आपल्या संघाला दोन नकार आले आणि एका कंपनीने ७०,००० ऐवजी ४५,००० रुपये देऊ केले.

आता फळ्यावर नवा हिशेब मांडला गेला. पालकांकडून २०,०००, यात कोणी पाच हजार दिले, कोणी काहीच दिले नाही, आणि कोणी किती दिले हे शिक्षकांखेरीज कोणास सांगण्यात आले नाही. बारा दुकानांकडून प्रत्येकी २,५०० प्रमाणे ३०,०००. वर्कशॉपची वस्तुरूप मदत २५,०००. कंपनीचे ४५,०००. एकूण १,२०,०००. तूट साठ हजारांची. संघाने प्रथम राखीव रक्कम सोडली, त्यामुळे तूट ३५,००० वर आली. मग रविवारी एका मोठ्या गृहसंकुलात अर्धवट तयार यंत्राचे प्रात्यक्षिक ठेवले. यंत्राने चेंडू उचलला, दोनदा पाडला, तिसऱ्यांदा बरोबर टाकला. लहान मुलांनी टाळ्या वाजविल्या आणि मोठ्यांनी २०,००० रुपये दिले. न चुकणाऱ्या यंत्रापेक्षा चुकून सावरणारे यंत्र लोकांना अधिक आपले वाटले असावे.

तरीही पंधरा हजार कमी पडतात. सामान आले आहे, प्रवेशशुल्क भरले आहे. उरला तो प्रवास. प्रत्येकी ४,५०० रुपये धरले तर चार विद्यार्थ्यांना मागे ठेवावे लागेल, तेव्हाच हिशेब जुळेल. तिघांना मागे ठेवले तर पंधराशे रुपये कमी पडतात.

कोणत्या चौघांना मागे ठेवायचे? ज्यांनी पैसे दिले नाहीत त्यांना, असे कोणी बोलून दाखविणार नाही. पण मनात ते येऊ शकते. ज्यांचे काम रिंगणात लागत नाही त्यांना, हा दुसरा विचार. मग सांगाडा जोडणारी मुलगी मागे राहते, कारण सांगाडा आता जोडून झाला आहे. चिठ्ठ्या टाकणे हा तिसरा मार्ग. की एका दुकानदाराकडे पुन्हा जावे? मागील खेपेस त्याने पावती नीट घडी घालून खिशात ठेवली होती आणि ''काय झाले ते सांगायला या,'' असे म्हटले होते. संघातील कोणीही अद्याप त्याच्याकडे गेलेले नव्हते.

शब्दार्थ

प्रायोजक – उपक्रमाचा खर्च उचलणारी व्यक्ती वा संस्था
अंदाजपत्रक – अपेक्षित जमाखर्चाचा तक्ता
दरपत्रक – वस्तूंच्या किमतीची लेखी माहिती
न्यास – लोकोपयोगी कामासाठी नोंदणी केलेली विश्वस्त संस्था
वस्तुरूप मदत – पैशाऐवजी वस्तू, जागा किंवा श्रम यांच्या रूपाने केलेली मदत
संवेदक – प्रकाश, अंतर, उष्णता इत्यादी ओळखणारा यंत्रातील भाग
आकस्मिक – अचानक उद्भवणारा
उपकृत – उपकारांनी बांधलेला

स्वाध्याय

१. पाठातील दोन पत्रांची तुलना करा. पहिल्या पत्रातील कोणते वाक्य आपण वगळाल आणि त्याऐवजी काय लिहाल?
२. 'कंपनीचे दोन खिसे' असे का म्हटले आहे? आपल्या शब्दांत स्पष्ट करा.
३. महर्षी कर्वे आणि कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या उदाहरणांवरून देणगी आणि नाव यांच्या संबंधाविषयी आपले मत आठ-दहा ओळींत लिहा.
४. आपल्या वस्तीतील वाचनालय, भजनी मंडळ, क्रीडामंडळ किंवा अन्य एखाद्या उपक्रमाचे अंदाजपत्रक तयार करा आणि एका स्थानिक दुकानदारास मदतीसाठी पत्र लिहा.
५. पंधरा हजारांची तूट भरून काढण्यासाठी आपण संघाचे प्रमुख असता तर काय केले असते? चौघांना मागे ठेवावे लागल्यास कोणता निकष लावला असता, ते कारणांसह लिहा.